वीस डॉलरचा तास आणि यंत्राचा धाक

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झटपट खाद्यपदार्थ विकणाऱ्या मोठ्या साखळी-उपाहारगृहांतील नोकरांचे किमान वेतन १ एप्रिल २०२४ पासून तासाला २० डॉलर करण्यात आले, आणि त्या दिवसापासून तेथील अर्थपंडित, मालक, कामगारसंघटना व वृत्तपत्रे ह्यांच्यात जो वाद पेटला, तो अद्याप शमलेला नाही. सात समुद्रांपलीकडच्या बर्गरविक्यांच्या पगाराची चिंता मुंबई-पुण्याच्या वाचकांनी का वाहावी, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्त आहे. परंतु २१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या देशात वेतनसंहिता अंमलात आली असून, १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ज्या धंद्यांची नावे अनुसूचीत होती तेवढ्यांपुरताच मर्यादित असलेला किमान वेतनाचा हक्क आता सर्व नोकरदारांना देण्यात आला आहे. केंद्र सरकारने राष्ट्रीय तळवेतन ठरवावयाचे आणि कोणत्याही राज्याने त्याच्या खाली उतरावयाचे नाही, अशी ह्या संहितेची योजना आहे. तेव्हा दुकानदार आणि हॉटेलवाले ह्यांच्या तोंडून आपल्याकडेही तेच वाक्य ऐकू येणार, जे कॅलिफोर्नियात गेली कित्येक वर्षे ऐकू येत आहे : "पगार वाढवाल तर माणसे काढू आणि यंत्रे बसवू." हे वाक्य कितपत खरे आहे हे पाहण्यासाठी ते जेथे प्रत्यक्ष कसोटीस लागले, तेथेच गेले पाहिजे.

कॅलिफोर्नियाचा कायदा सरळ मार्गाने झालेला नाही. २०२२ च्या सप्टेंबरात राज्यपाल गॅव्हिन न्यूसम ह्यांनी ह्या धंद्यासाठी स्वतंत्र वेतनमंडळ नेमणाऱ्या पहिल्या कायद्यावर सही केली. धंदेवाल्यांनी त्याविरुद्ध सार्वमत मागितले, त्यासाठी सह्या गोळा केल्या आणि कायदा थांबविला. पुढे दोन्ही पक्षांत देवघेव झाली आणि २८ सप्टेंबर २०२३ रोजी दुसऱ्या कायद्यावर सही झाली. देशभर ६० किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांनाच तो लागू झाला. राज्याचे सर्वसाधारण किमान वेतन त्या वेळी १६ डॉलर होते. म्हणजे एका विशिष्ट धंद्यातील सुमारे ५ लाख नोकरांना एका दिवसात शेकडा २५ ची वाढ मिळाली. शेजारच्या किराणा दुकानातील नोकर मात्र १६ डॉलरवरच राहिला. आपल्याच भट्टीत पाव भाजून तो सुटा विकणाऱ्या उपाहारगृहांना ह्या कायद्यातून वगळण्यात आले होते. हे पाववाले कोणाचे लाडके, ह्यावर तिकडे बराच गदारोळ झाला. कायदा करताना अशी एखादी फट ठेवली की पुढे तिच्यातूनच कायद्याची टिंगल आत शिरते.

परिणाम काय झाला? येथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण उत्तर दोन मिळतात आणि दोन्ही विद्वानांची आहेत. बर्कले येथील विद्यापीठात मायकेल राइक व त्यांचे सहकारी ह्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ह्या नोकरांचे सरासरी वेतन शेकडा १८ ने वाढले, नोकऱ्या कमी झाल्या नाहीत, आणि पदार्थांच्या किमती शेकडा ३.७ ने, म्हणजे ४ डॉलरच्या बर्गरमागे १५ सेंटांनी वाढल्या. उलट जेफ्री क्लेमेन्स, ऑलिव्हिया एडवर्ड्स व जोनाथन मीर ह्यांनी २०२५ साली जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात अमेरिकेच्या इतर भागांशी तुलना करता कॅलिफोर्नियातील ह्या धंद्यातील नोकऱ्या एका वर्षात शेकडा २.७ ने घटल्याचे म्हटले असून, इतर गोष्टींचा हिशेब धरून त्यांनी काढलेला मध्यम अंदाज १८,००० नोकऱ्यांचा आहे. लगेच एका पक्षाने पहिला निबंध डोक्यावर घेतला, दुसऱ्याने दुसरा. आपणांस सोयीचे तेवढे पान फाडून घ्यावयाचे आणि उरलेले पुस्तक फेकून द्यावयाचे, ही वाचनाची पद्धत काही अमेरिकेतच आढळते असे नाही.

ह्या वादाला मोठी वंशपरंपरा आहे. १९४६ साली जॉर्ज स्टिग्लर ह्यांनी किमान वेतनाच्या कायद्याने दुर्बळ कामगाराचेच काम जाते, असा सिद्धान्त मांडला आणि पुढे जवळजवळ अर्धे शतक पाठ्यपुस्तकांत तो वेदवाक्याप्रमाणे छापला जात होता. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र ते होते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर ह्या दोन अध्यापकांनी सीमेच्या अलीकडची व पलीकडची मिळून ४१० उपाहारगृहे तपासली आणि न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचा पुरावा मिळत नाही, असे १९९४ साली जाहीर केले. न्यूमार्क आणि वॉशर ह्यांनी पगारपत्रकांच्या आधारे त्यांना खोडून काढण्याचा प्रयत्न केला, आणि तो वाद २००० सालापर्यंत चालला. क्रूगर २०१९ साली वारले. कार्ड ह्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाने वाद मिटत नाहीत हे खरे, पण "पगार वाढला की नोकरी गेलीच" हे गणित पाढ्याइतके पक्के नाही, एवढे तरी त्या ४१० उपाहारगृहांनी सिद्ध केले.

सिअ‍ॅटल शहराचा अनुभव आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. तेथे २०१४ साली टप्प्याटप्प्याने १५ डॉलरपर्यंत जाण्याचा निर्णय झाला. २०१६ मध्ये वेतन १३ डॉलरपर्यंत चढले, तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठातील अभ्यासकांना असे आढळले की, अल्पवेतनाच्या कामांत तासाचा दर शेकडा ३ ने वाढला, पण कामाचे तास शेकडा ९ च्या सुमारास घटले. ह्या निष्कर्षावर टीका पुष्कळ झाली. त्याच मंडळींनी २०१८ साली पुन्हा आकडे तपासले, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. जे नोकर आधीपासून कामावर होते आणि काम जाणत होते, त्यांच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक पैसे पडले. तोटा झाला तो ह्या धंद्यांत नव्याने शिरू पाहणाऱ्यांचा, कारण नव्या माणसांची भरती मंदावली. ज्याला कामावरून काढले त्याचे नाव तरी कोठे नोंदलेले असते. ज्याला कधी घेतलेच नाही, त्याचे नाव कोणत्या हजेरीपटावर शोधावयाचे?

मुंबईकरांना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. दक्षिण कन्नड जिल्ह्यातून आलेली मुले उडुपी उपाहारगृहांत दिवसा कपबश्या विसळीत आणि रात्रशाळेत बसून परीक्षा देत. त्यांतील कित्येक पुढे वाढपी झाले, गल्ल्यावर बसले आणि काही स्वतःच मालक झाले. लहान मुलांना राबविण्याची ती प्रथा गेली हे उत्तमच झाले, तिच्यासाठी आम्ही उसासे टाकणार नाही. तथापि शिक्षण कमी, ओळखपाळख नाही, भाषाही धड येत नाही, अशा माणसाला शहरात पहिले पाऊल ठेवण्यासाठी जी पायरी लागते, ती उपाहारगृहात आणि दुकानात असते हे विसरून चालत नाही. ती पायरी उंच करताना किती उंच करावी, हा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. तो केला म्हणून कोणी मालकधार्जिणा ठरत नाही.

आता यंत्राकडे वळू. २०१६ साली, जेव्हा अमेरिकेत १५ डॉलरची मागणी जोरात होती, तेव्हा मॅकडोनाल्ड्स कंपनीचे माजी प्रमुख एड रेन्सी ह्यांनी जाहीरपणे असे म्हटले होते की, तळलेल्या बटाट्याच्या फोडी पिशवीत भरण्यासाठी तासाला १५ डॉलर देऊन माणूस ठेवण्यापेक्षा ३५,००० डॉलरचा यांत्रिक हात विकत घेणे स्वस्त पडेल. हे वाक्य जगभर गाजले. आम्ही संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी काही वर्षे शाळामास्तर होतो, त्यामुळे असा आकडा दिसला की पाटी पुढे ओढावीशी वाटते. ३५,००० ला १५ ने भागले तर सुमारे २,३३३ तास होतात. आठवड्याला ४० तास ह्या हिशेबाने वर्षाचे २,०८० तास धरले, तर यंत्राची किंमत साडेतेरा महिन्यांत वसूल होते. छान. आता १५ च्या जागी ७.२५ घाला. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन जुलै २००९ पासून तेवढेच आहे. भागाकार ४,८२८ तासांच्या आसपास येतो, म्हणजे सव्वादोन वर्षांहून थोडे अधिक. जे यंत्र अत्यंत स्वस्त माणसाच्या तुलनेतही अडीच वर्षांच्या आत आपली किंमत फेडते, ते घेण्यासाठी कोणता व्यापारी पगारवाढीच्या कायद्याची वाट पाहत बसेल? त्याने ते कधीच आणून बसविले असते. ते त्याने आणले नाही, ह्याचा अर्थ एवढाच की, ते यंत्र माणसाचे काम पूर्णपणे करीत नव्हते. दुरुस्ती, धुणे-पुसणे, बिघाड, दुपारी साडेबाराची झुंबड आणि दुपारी चारचा शुकशुकाट, हे सगळे त्या ३५,००० च्या बाहेर राहिले होते. रेन्सी ह्यांच्या उद्गारांस दहा वर्षे होत आली, आणि बहुतेक शाखांत त्या फोडी अजून माणसेच पिशवीत भरतात.

यंत्रे आलीच नाहीत असे मात्र नव्हे. ती आली, परंतु त्यांच्या येण्याच्या तारखा पाहिल्या म्हणजे पगाराशी त्यांचे नाते फार सैल असल्याचे दिसते. हॉर्न अँड हार्डार्ट ह्या पेढीने फिलाडेल्फिया शहरात 'ऑटोमॅट' नावाचे उपाहारगृह १९०२ साली उघडले. भिंतीभर काचेची छोटी दारे, नाणे टाकावे, मूठ फिरवावी आणि बशी उचलावी. वाढपी नाही, बक्षिसी नाही. यंत्रे जर्मनीहून आणलेली होती. त्या वेळी अमेरिकेतील एकाही राज्यात किमान वेतनाचा कायदा नव्हता. असा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने केला तो १९१२ साली. गंमत अशी की, त्या यांत्रिक भिंतीच्या मागे बायका उभ्या राहून रिकामे झालेले कप्पे हाताने भरीत असत. न्यूयॉर्कमधले शेवटचे ऑटोमॅट १९९१ साली बंद पडले. तोपर्यंत माणसाच्या हाताने वाढणाऱ्या उपाहारगृहांनी त्याला केव्हाच मागे टाकले होते.

दुकानांचेही तसेच. पूर्वी अमेरिकन किराणा दुकानात गिऱ्हाईक यादी वाचून दाखवी आणि गुमास्ता फळीवरून एकेक जिन्नस काढून देई, अगदी आपल्या वाण्याच्या दुकानासारखे. क्लॅरेन्स सॉण्डर्स ह्या गृहस्थाने १९१६ साली मेम्फिस येथे 'पिग्ली विग्ली' नावाचे दुकान काढून फळ्या गिऱ्हाइकासाठी मोकळ्या केल्या. त्यामुळे गुमास्त्यांची गरज एकदम घटली. हे ज्या टेनेसी राज्यात घडले, त्याला स्वतःचा किमान वेतनाचा कायदा आजही नाही. जून १९७४ मध्ये ओहायोतील ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरच्या रेघोट्या यंत्राने प्रथम वाचल्या. गिऱ्हाइकाने स्वतःच माल यंत्रापुढे धरून स्वतःच पैसे भरावयाचे, ही युक्ती १९८६ साली अटलांटाजवळ क्रोगर कंपनीच्या दुकानात सुरू झाली, आणि अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन तर १९८१ पासून १९९० पर्यंत ३.३५ डॉलरवर गोठलेले होते. महागाईच्या मानाने मजूर दरवर्षी स्वस्त होत असताना हे यंत्र जन्मले.

उलट अलीकडे वेतन भराभर चढत असताना काही ठिकाणी यंत्रे उचलून ठेवण्यात आली. इंग्लंडच्या उत्तर भागातील बूथ्स ह्या साखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या बहुतेक दुकानांतील स्वयंसेवेची गल्लायंत्रे काढण्याचे जाहीर केले. ब्रिटनचे किमान वेतन त्यानंतर पाचच महिन्यांनी १०.४२ पौंडांवरून ११.४४ पौंडांवर जावयाचे होते, तरीही. अमेरिकेत टार्गेट कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये अशा यंत्रांवर दहापेक्षा अधिक वस्तू आणू नयेत, असा नियम केला. चोऱ्या वाढल्या, चुका वाढल्या आणि गिऱ्हाइके कंटाळली. गल्लाच नको, माल उचला आणि चालू लागा, अशी जाहिरात केलेली योजना अमेझॉनने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून २०२४ सालीच मागे घेतली. मोटारीतून येणाऱ्या गिऱ्हाइकाची मागणी यंत्राने ऐकून घेण्याचा मॅकडोनाल्ड्सचा प्रयोगही त्याच वर्षी थांबविण्यात आला. पिझ्झा यंत्राकडून करवून घेणारी झूम नावाची कंपनी, जिच्यात कोट्यवधी डॉलर ओतले गेले होते, ती २०२३ साली बुडाली.

ह्या यादीवरून वेतनाचा आणि यंत्राचा काहीच संबंध नाही, असे अनुमान काढणे मात्र घाईचे होईल. ग्रेस लॉर्डन व डेव्हिड न्यूमार्क ह्यांच्या २०१८ च्या अभ्यासात असे दिसले आहे की, किमान वेतन वाढले की ज्या कामांचे यांत्रिकीकरण शक्य आहे, अशा कामांतील अल्पशिक्षितांचा वाटा घटतो. हे पटण्यासारखे आहे. यंत्र तयार असते, काठावर असते, आणि पगाराचा धक्का त्याला आत ढकलतो. परंतु काठावर त्याला आणून ठेवतो तो यंत्राच्या किमतीतला उतार आणि त्याच्या कर्तबगारीतली वाढ, आणि ह्या दोन्ही गोष्टी विधिमंडळाच्या हातात नाहीत. पगार गोठवून यंत्र थोपविता येईल, असे ज्यांना वाटते, त्यांनी मुंबईतील आपल्याच रस्त्यांवर फिरून यावे. अमेरिकन साखळ्यांच्या येथील शाखांत मागणी नोंदविण्याचे उंच काचफलक उभे आहेत. कॅलिफोर्नियातील नोकराला एका तासाचे जे मिळते, तेवढे येथील पुष्कळ नोकरांना दोन दिवसांतही मिळत नाही. मग हे फलक येथे कशासाठी आले? ते पगार वाचविण्यासाठी आलेले नाहीत, हे उघड आहे. ते चित्रे दाखवितात, मागणी चुकवीत नाहीत, आणि "ह्याच्याबरोबर आणखी काही?" हा प्रश्न दर वेळी न लाजता, न थकता विचारतात. माणूस एवढा निगरगट्टपणे विचारू शकत नाही. काचफलकामुळे मागणीच्या टेबलामागचा एखादा नोकर कमी होतो आणि मागणी वाढली की स्वयंपाकघरात एखादा वाढतो, असेही घडते.

खरे पाहता ह्या यंत्रांपैकी बहुतेकांना यंत्र म्हणणे हीच एक दिशाभूल आहे. गल्लायंत्र पैसे मोजते हे खरे, पण जिन्नस उचलणे, रेघोट्या शोधणे, पिशवी भरणे ही गुमास्त्याची सारी कामे गिऱ्हाईकच करते, आणि तेही फुकट. काम नाहीसे झाले नाही, ते पगारी माणसाकडून बिनपगारी माणसाकडे सरकले. आपल्याकडे उपाहारगृहातला स्वयंसेवेचा विभाग स्वस्त असतो. आपण ताट स्वतः उचलतो आणि त्याबद्दल बिलात सूट मिळते. हा सौदा निदान प्रामाणिक आहे. मोठ्या दुकानांनी गिऱ्हाइकाला गुमास्ता केले तेव्हा सूट मात्र दिली नाही.

आणि हाच धागा पुढे नेला म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कथेतील एक प्रसंग सर्वांत महत्त्वाचा ठरतो. कायदा लागू होण्याच्या तीन-चार महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, तेथील पिझ्झा हट कंपनीच्या काही शाखाचालकांनी पिझ्झा घरपोच करणाऱ्या सुमारे १,२०० चालकांना कामावरून कमी करीत असल्याचे कळविले. "पाहा, पगारवाढीने नोकऱ्या गेल्या," अशी ओरड झाली आणि ती खोटीही नव्हती. पण त्या चालकांच्या जागी कोणते यंत्र आले? कोणतेच नाही. पिझ्झा पोहोचविण्याचे काम मोबाइलवरून मागणी घेणाऱ्या कंपन्यांच्या चालकांकडे गेले. हे चालक कायद्याच्या दृष्टीने नोकरच नाहीत, ते 'स्वतंत्र कंत्राटदार' आहेत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२० च्या सार्वमतात तसे मान्य केले आहे. म्हणजे माणसाच्या जागी माणूसच आला, फक्त तो वेतनकायद्याच्या कुंपणाबाहेर उभा होता. यंत्राच्या धाकाचा एवढा गवगवा झाला, पण खरी गळती झाली ती ह्या मागच्या दाराने.

ह्याचा विचार महाराष्ट्राने अगत्याने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते. आमच्या शहरांत दहा मिनिटांत वाणसामान आणून देणारी तरुण मुले पाठीवर पेट्या घेऊन धावताना रोज दिसतात. ज्या वाण्याच्या दुकानातला नोकर नव्या संहितेप्रमाणे किमान वेतनाला पात्र आहे, त्याच वाण्याचे गिऱ्हाईक ही मुले घेऊन जात आहेत, आणि ती स्वतः मात्र कोणाचीच नोकर नाहीत. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा उल्लेख आहे. कंपन्यांनी उलाढालीचा शेकडा एक ते दोन भाग त्यांच्या कल्याणासाठी द्यावा, अशी तरतूद आहे. वेतनसंहितेत त्यांच्यासाठी तासाचा दर नाही. दुकानावर आणि उपाहारगृहावर वेतनाचा बोजा वाढवावयाचा आणि शेजारच्या रस्त्यावर तेच काम बिनदराचे ठेवावयाचे, ह्याने दुकानातला नोकर रस्त्यावर येईल. त्याचे खापर मग पगारवाढीवर फोडले जाईल.

ह्याचा अर्थ पगारवाढ थांबवावी असा आम्ही लावीत नाही. १९५७ साली नवी दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेने किमान वेतनाचे माप ठरविले होते. कमावत्या माणसामागे कुटुंबाची तीन एकके, माणशी २,७०० उष्मांकांचा आहार, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, सरकारी योजनेतल्या घराएवढे भाडे, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण व लग्नकार्य ह्यांसाठी आणखी शेकडा २५ जोडण्यास सांगितले. ह्या मापात चैनीची एकही बाब नाही. असे असता आपल्या केंद्र सरकारने सुचविलेले तळवेतन २०१७ साली रोजी १७६ रुपये होते, आणि २०१९ मध्ये ते दोन रुपयांनी वाढवून १७८ करण्यात आले. त्याला कायद्याचे बंधनही नव्हते. ज्या देशात वेतनाची पातळी ही, त्या देशात कॅलिफोर्नियातील २० डॉलरचा बागुलबुवा उभा करणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे धोके समजावून सांगण्यासारखे आहे.

कॅलिफोर्नियाकडून घेण्यासारखे आहे ते तिच्या चुकांतून. एकाच धंद्यावर एका दिवसात शेकडा २५ चा घाव घालणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. १८,००० चा आकडा निम्मा धरला तरी ती हजारो घरे आहेत. हाच पल्ला तीन-चार वर्षांत आणि सर्व धंद्यांना एकत्र घेऊन गाठता आला असता. ब्रिटनने १ एप्रिल १९९९ रोजी तासाला ३.६० पौंड ह्या माफक आकड्यापासून सुरुवात केली. मालक, कामगार आणि अर्थशास्त्रज्ञ ह्यांचा आयोग दरवर्षी आकडे तपासतो, शिफारस करतो, नवा दर काही महिने आधी जाहीर होतो, आणि दुकानदार आपली किंमत व आपली माणसे त्याप्रमाणे जुळवून घेतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेथील दर १२.२१ पौंडांपर्यंत पोहोचला. एवढ्या वर्षांत तेथील दुकाने ओस पडल्याचे कोणी पाहिले नाही.

आपल्या संहितेत वेतनदराची फेरतपासणी पाच वर्षांच्या आत व्हावी, असे आहे. पाच वर्षांची मुदत १९४८ च्या कायद्यातही होती, आणि ती किती वेळा उलटून गेली हे कामगारखात्याच्या दप्तरांना विचारावे. पाच-सात वर्षे काहीच करावयाचे नाही, आणि मग महागाईने हैराण झालेल्या नोकरांच्या समाधानासाठी एकदम मोठी उडी मारावयाची, ह्या पद्धतीने नोकराचेही नुकसान होते आणि छोट्या दुकानदाराचेही. एक धाब्यावर उपाशी राहतो, दुसरा एका सकाळी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभा असतो. महागाईभत्त्याची सहामाही वाढ महाराष्ट्रात आहे, ती चांगली गोष्ट आहे. मूळ दराची तपासणीही दरवर्षी ठरलेल्या तारखेला करण्यास राज्य सरकारला कोणी मना केलेले नाही. पाच वर्षे ही कमाल मर्यादा आहे.

शेवटी राहतो तो अंमलबजावणीचा प्रश्न, आणि तो कॅलिफोर्नियाला जितका छळतो त्याच्या शतपट आपल्याला छळतो. पगारपत्रकावर एक आकडा, हातात दुसरा, आणि सही पहिल्यावर, हा प्रकार आपल्या बाजारपेठांत नवा नाही. जेथे वेतन कागदावरच वाढते, तेथे यंत्रही येत नाही आणि भाकरीही वाढत नाही. वेतन बँकेतून देण्याची सक्ती सर्वत्र करणे, दुकानाच्या दर्शनी भागी त्या वर्षीचा दर मराठीतून ठळक अक्षरांत लावणे, आणि मोबाइलवरून काम देणाऱ्या कंपन्यांना आपल्या प्रत्येक चालकाच्या कामाचे तास व त्याला दिलेली रक्कम दरमहा कामगारआयुक्तांकडे कळविण्यास भाग पाडणे, ह्या तीन गोष्टी राज्य सरकारला नवे तळवेतन जाहीर होण्याची वाट न पाहता करता येतील. त्यांतील तिसरी सर्वांत अवघड आहे, कारण ह्या कंपन्या श्रीमंत आहेत आणि त्यांची गिऱ्हाइके आपणच आहोत.